अलिखित जागेची कुळकथा

आय.बी.एम.च्या ओ.एस./३६० प्रणालीवर काम करणाऱ्यास, नवी फाइल निर्माण करण्यापूर्वीच तिला डिस्कवर किती ट्रॅक अथवा सिलिंडर लागतील याची मागणी 'स्पेस' या कलमाखाली नोंदवावी लागे; अंदाज तोकडा पडला तर पुरवणी जागा मिळे, परंतु तिचीही मर्यादा संपली की काम अर्ध्यावर तुटे आणि 'बी३७' हा संकेत हाती पडे. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्सची उभारणी आरंभिली, तेव्हा ही जागेची दरखास्तच नाहीशी झाली. फाइल म्हणजे बाइटांची एक ओळ. ती लिहिता लिहिता वाढावी आणि जागेची तजवीज प्रणालीने परस्पर पाहावी, हा निर्णय मला त्या प्रणालीच्या थोरवीचे एक मूळ वाटतो.

तथापि डेटाबेस आणि चित्रफिती यांचा आकार पुष्कळदा आधीच ठाऊक असतो. त्यांना सलग जागा हवी असते, आणि अर्धे लेखन झाल्यावर डिस्क भरल्याचे कळणे परवडत नाही. शून्ये लिहून जागा अडविणे हा जुना उपाय वेळखाऊ. न लिहिता ब्लॉक हवाली करावेत, तर त्यांत दुसऱ्या कोणाचा तरी पुसलेला, पण प्रत्यक्षात शाबूत असलेला मजकूर नव्या मालकास वाचता यावयाचा. सिलिकॉन ग्राफिक्सने १९९४ साली आयरिक्ससाठी प्रसृत केलेल्या एक्सएफएस या फाइलप्रणालीत पुढे यावर जी तोड निघाली, तिचे कौतुक करावे तितके थोडेच: जागेचा सलग पट्टा फाइलच्या नावे दाखल करावयाचा, पण दप्तरी त्यावर 'अलिखित' असा शेरा ठेवावयाचा. वाचणाऱ्यास तेथे शून्येच दिसतात. मध्येच कोणी लिहिले, तर तेवढ्यापुरता शेरा उठतो आणि एका पट्ट्याच्या तीन नोंदी होतात.

प्रोग्रामला फाइलसाठी अशी जागा आधीच मागून घेता यावी म्हणून, युनिक्सवर्गीय प्रणालींच्या पॉसिक्स या मानकात २००१ साली 'पॉसिक्स-फॅलोकेट' हे फंक्शन आले. लिनक्सच्या गाभ्यात त्याच कामाचे 'फॅलोकेट' २००७ साली, २.६.२३ या आवृत्तीत दाखल झाले. फाइलप्रणालीस ही विद्या अवगत नसेल, तर लिनक्सवरील ग्लिबसी हे ग्रंथालय प्रत्येक ब्लॉकला स्वतः स्पर्श करून जागा अडविते, म्हणजे पुन्हा तोच जुना वेळखाऊ मार्ग. झेडएफएससारख्या प्रणालीत मात्र प्रत्येक नवे लेखन जुन्या जागी न होता अन्यत्रच होते, त्यामुळे एखादा ब्लॉक आधी राखून ठेवला तरी लिहिण्याच्या वेळी तो उपयोगी पडत नाही.