गाडी उचलणे सोपे, धरून ठेवणे अवघड

आपली सोसायटी यंदा पंचवीस वर्षांची झाली. ताबा घेतला तेव्हा पार्किंगमध्ये स्कूटर जास्त आणि चारचाक्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आज घरटी एक गाडी आहे, काही घरी दोन. मागच्या रांगेतल्या रो-बंगल्यांना स्वतंत्र गॅरेज आहे, पण तिथेही दुसरी गाडी रस्त्यावरच उभी राहते. त्यामुळे गेल्या दोन वार्षिक सभांमध्ये एक नवा विषय निघाला, तो म्हणजे गॅरेजमध्ये गाडी उचलणारी लिफ्ट बसवण्याचा. कुणाला एका गाडीच्या डोक्यावर दुसरी ठेवायची आहे, तर कुणाला जुन्या जीपचे काम घरीच करायचे आहे. तरुण मंडळींचा उत्साह चांगलाच आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने या यंत्राचा थोडा इतिहास सांगावा असे वाटले, कारण ही लिफ्ट कशी बसवावी याचे उत्तर त्या इतिहासातच दडलेले आहे.

वजन उचलण्याची विद्या आपल्याला नवी नाही. विहिरीवरची मोट, रहाट, कप्पी हे सगळे उचलण्याचेच प्रकार. बैलगाडीच्या आसाला वंगण घालायचे तर चार माणसे गाडी एका बाजूने उचलत. पण त्याआधी कुणीतरी दगड किंवा लाकडाचा ओंडका तयार ठेवी आणि गाडी उचलली रे उचलली की तो टेकू आसाखाली सरकवी. माणसांचे हात फक्त उचलण्यापुरते, भार टेकूवर. चाक काढून खाली हात घालायचा तो टेकू लागल्यावरच. ही साधी शिस्त खेड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होती.

मोटारी मुंबईत आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. त्यांच्याबरोबर स्क्रूचा जॅक आला. या जॅकचा एक मोठा गुण असा, की हँडल सोडले तरी तो आपणहून खाली येत नाही. आट्यांमधले घर्षणच त्याला धरून ठेवते. म्हणजे उचलणे आणि धरणे ही दोन्ही कामे एकच स्क्रू करतो. त्याचा दोष एवढाच, की तो फिरवता फिरवता घाम निघतो.

घाम वाचवला तो द्रवाच्या दाबाने. बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा सतराव्या शतकातल्या ब्लेझ पास्कल या फ्रेंच विद्वानाचा नियम आपण शाळेत शिकलो. त्यावर आधारलेल्या हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने १७९५ साली घेतले. लहान नळकांड्यात थोडा जोर लावला की मोठ्या नळकांड्यात अनेक पट जोर मिळतो. एका हाताने मोटार वर जाऊ लागली ती यामुळे. मात्र इथे एक गोष्ट हरवली. स्क्रू जसा आपणहून अडतो, तसे तेल अडत नाही. सील झिजले, नळी फुटली किंवा व्हॉल्व्ह सैल झाला, की गाडी खाली. उचलणे सोपे झाले, पण धरून ठेवण्याची सोय वेगळी करावी लागली. सुरक्षिततेचा सगळा प्रश्न इथून सुरू होतो.

हाच प्रश्न माणसांच्या लिफ्टमध्ये आधी सुटला होता. अमेरिकेत यॉंकर्स गावी पलंगांच्या कारखान्यात काम करणाऱ्या एलिशा ओटिस याने १८५२ च्या सुमारास माल वर नेणाऱ्या पाळण्याला एक स्प्रिंग आणि दोन्ही बाजूंना दातेरी पट्ट्या बसवल्या. १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात तो स्वतः त्या पाळण्यावर उभा राहिला आणि सगळ्यांसमोर दोर कापायला लावला. दोराचा ताण जाताच स्प्रिंग उघडली, खटके दात्यांत अडकले आणि पाळणा जागच्या जागी थांबला. लिफ्ट त्याआधीही होत्या. ओटिसने लोकांना दाखवले ते दोर तुटल्यावर काय होते हे. १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दुकानाच्या इमारतीत त्याच्या कंपनीची प्रवाशांसाठीची लिफ्ट सुरू झाली आणि इमारती उंच होऊ लागल्या.

मोटारीच्या लिफ्टचे श्रेय अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या पीटर लुनाटी याला देतात. साल १९२५. न्हाव्याच्या दुकानातली वर-खाली होणारी खुर्ची पाहून त्याला कल्पना सुचली असे सांगतात. जमिनीत पुरलेला एकच दट्ट्या गाडीला वर नेई. आपल्याकडच्या जुन्या पेट्रोलपंपांवर धुलाईसाठी असाच हॉइस्ट असे. वर गेलेल्या ॲम्बेसेडरच्या पोटावर पाण्याचा फवारा मारणारा पोऱ्या आपल्या पिढीने पाहिला आहे. बाकी छोट्या गॅरेजमध्ये आणि एसटी डेपोत खड्डाच चाले. खड्ड्यात गाडी अंगावर पडण्याची भीती नसते, पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तिथे साचते. शिवाय उघड्या खड्ड्यात माणूस पडतो तो वेगळाच. पुढे फरशीवर बसवायच्या दोन आणि चार खांबांच्या लिफ्ट आल्या आणि खड्डे बुजू लागले.

आपले नाशिक या विद्येला परके नाही. ओझरचा विमान कारखाना १९६४ पासूनचा. तिथली विमाने जॅकवर चढवतात. विमानाच्या अशा जॅकला हायड्रॉलिक दट्ट्याच्या जोडीला आट्यांची लॉक रिंग असते, म्हणजे तेल गेले तरी भार रिंगवर. सातपूर-अंबडला मोटारींचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने. नोकरीत असताना कर्जाच्या तपासणीसाठी माझे या भागातल्या कितीतरी वर्कशॉपमध्ये जाणे होई. तिथले जुने मिस्त्री गाडी जॅकवर घेतली की आधी चाकांना लाकडी ठोकळे आणि खाली लोखंडी घोडी लावत, मगच पाना हातात घेत. बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि दोन वेगळ्या माणसांकडे असतात. त्यातलाच हा प्रकार.

कायद्यानेही हे ओळखले. मुंबई प्रांतात लिफ्टचा कायदा १९३९ सालीच झाला. त्याची जागा घेणारा महाराष्ट्राचा नवा कायदा २०१७ चा आहे, त्यात सरकते जिनेही आले. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २८ ने कारखान्यातल्या प्रत्येक हॉइस्ट आणि लिफ्टची दर सहा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून तपासणी करणे आणि किती भार चालेल ते तिच्यावर स्पष्ट लिहिणे बंधनकारक केले. कारखान्यात तपासायला इन्स्पेक्टर येतो. घरच्या गॅरेजमध्ये कुणी येत नाही. म्हणून तिथे आपणच तपासनीस व्हायला हवे.

आता आपल्या गॅरेजकडे वळू. पहिला मुद्दा जमिनीचा. कर्ज देताना आम्ही आधी तारण पाहायचो. लिफ्टचे तारण म्हणजे खालची फरशी. दोन खांबांच्या लिफ्टचा सगळा भरवसा अँकर बोल्टवर असतो. गाडी थोडी पुढे-मागे झाली की खांब कलू पाहतो आणि बोल्ट उपटले जातात. उत्पादक साधारणपणे किमान चार इंच सलग, चांगल्या प्रतीचे काँक्रीट मागतात, काही यंत्रांना सहा इंच किंवा अधिक. आपल्याकडे मुरमाच्या भरावावर पातळ कोबा आणि वर शहाबादी, टाइल्स किंवा पेव्हर असतात. खाली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि कोब्याला तडे जातात. अशा जागी बोल्ट ठोकणे म्हणजे वाळूत खुंटी मारणे. फरशी तोडून स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सल्ल्याने नवे काँक्रीट घालावे आणि ते अठ्ठावीस दिवस मुरल्यावरच यंत्र आणावे. खाली पाण्याची टाकी, शोषखड्डा किंवा ड्रेनेजची लाइन आहे का, ते नकाशावर आणि प्रत्यक्षही पाहावे. स्टिल्टखालची भूमिगत टाकी आठवा.

दुसरा मुद्दा उंचीचा. साधी कार पाच फूट आणि एसयूव्ही सहा फूट धरली, वर प्लॅटफॉर्मची जाडी आणि थोडी मोकळी जागा मिळवली, तर बारा फुटांच्या आसपास उंची लागते. आपली गॅरेजेस नऊ-दहा फुटांची आहेत. तेव्हा ॲडव्हान्स देण्याआधी टेप लावा. नुसत्या पार्किंगसाठी चार खांबांची लिफ्ट बरी, कारण गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहते. दोन खांबांवर गाडी घ्यायची तर कंपनीने पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच हात लावावेत. वीतभर उचलून हलवून पाहावे आणि मगच वर न्यावे. इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवला की तोल बदलतो, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरा मुद्दा खटक्याचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. गाडी हव्या त्या उंचीवर नेली की ती थोडी खाली सोडून यांत्रिक लॉकवर टेकवायची. सगळे खटके बसल्याचा आवाज ऐकायचा, डोळ्यांनी पाहायचे. तेलावर लोंबकळणाऱ्या गाडीखाली कुणी जायचे नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. बटण सोडले की यंत्र थांबलेच पाहिजे. वायरिंगला अर्थिंग आणि ईएलसीबी हवे. चावी काढून ठेवायची सोय हवी, कारण आपल्या गल्लीत मुले लपाछपी खेळतात. वायरचे दोर पावसाळ्यानंतर गंजासाठी तपासावेत, बोल्ट ठरावीक काळाने आवळावेत आणि वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी करून तारखेसह वहीत नोंद ठेवावी.

शेवटी सोसायटीचे. बिल्डिंगच्या स्टिल्टमधली जागा कुणा एकाची नसते. बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद लालूचंद खटल्यात स्पष्ट केले. त्यामुळे तिथे काही बसवायचे तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. रो-बंगलेवाल्यांनीही इंजिनिअरचा दाखला, उत्पादकाची पुस्तिका आणि बसवणाऱ्याचे काम पूर्ण झाल्याचे पत्र कमिटीकडे द्यावे, अशी माझी सूचना आहे. यात अविश्वास नाही. भिंत सामाईक असेल तर जोखीमही सामाईकच.

विक्रेता आला की तो "किती टन उचलते" हे आपणहून सांगेल. आपण त्याला दोनच प्रश्न विचारावेत. तेल गेले तर गाडी कशावर थांबेल? आणि यंत्र कशावर उभे आहे? दोन्ही उत्तरे लेखी मिळाली आणि इंजिनिअरला पटली, तर लिफ्ट जरूर बसवा. उद्घाटनाचा पेढा खायला मी येईन.