लिनक्स आणि लॅपटॉपमधील मोडेम : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

संगणकाला दूरध्वनीच्या तारेवरून महाजालाशी जोडणारा डायल-अप मोडेम १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत बहुधा स्वयंपूर्ण असे. १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासून रूढ झालेल्या 'एटी' आज्ञा सिरियल पोर्टमधून पाठवल्या की तो क्रमांक फिरवी. संगणकावर कोणती कार्यप्रणाली आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसे. साहजिकच १९९१ मध्ये लिनस टॉरवल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्सलाही त्याची अडचण नव्हती.

ही स्थिती पालटली ती उत्पादकांच्या काटकसरीमुळे. मोडेममधील संकेत-प्रक्रियेचे काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर सोपवणारे 'विनमोडेम' दशकाच्या उत्तरार्धात आले. लॅपटॉपमध्ये जागेचीही टंचाई असल्याने तेथे ते झपाट्याने रुळले. आता मोडेम हे मुख्यतः सॉफ्टवेअर झाले, तेही बहुतांशी विंडोजपुरते लिहिलेले. चिपचा तांत्रिक तपशील उत्पादक गुप्त ठेवत. फाब्रिस बेलार यांनी मुक्त सॉफ्टवेअर-मोडेम लिहावयास घेतला खरा. परंतु चिपशी संवादाची रीतच अज्ञात असता केवळ गणिताने काम भागत नव्हते. विकत घेतलेल्या यंत्राच्या ज्ञानावर मालकी कोणाची, हा मूळ प्रश्न होता.

व्यवहारात तडजोड झाली. ल्यूसेंटच्या चिपसाठी बंद गाभा आणि त्याभोवती खुले वेष्टन अशी रचना आली. कर्नेल बदलला की वेष्टन पुन्हा कंपाइल करणे आले. थिंकपॅड ६०० मधील एमवेव्ह मोडेमचा ड्रायव्हर आयबीएमने जीपीएल परवान्याखाली दिला, हा सुखद अपवाद.

बंद मोड्यूलमुळे उद्भवलेले दोष शोधणे कर्नेलकारांना अशक्यप्राय होते. म्हणून २००१ पासून मोड्यूलने आपला परवाना घोषित करावा, अन्यथा कर्नेल 'दूषित' अशी नोंद व्हावी, अशी व्यवस्था झाली. कोनेक्झंट चिपसाठी ड्रायव्हर देणाऱ्या लिनक्संट कंपनीने तिला दिलेली बगल मोठी मासलेवाईक आहे. तिच्या घोषणेत 'जीपीएल' या अक्षरांनंतर एक शून्यवर्ण होता आणि त्यापुढे हा परवाना ठरावीक फायलींपुरताच असल्याचा खुलासा. सी भाषेत शून्यवर्णापाशी मजकूर संपतो. कर्नेल तेवढेच वाचून मोड्यूल मुक्त समजे. एप्रिल २००४ मध्ये हे उघड होताच कर्नेलकारांनी तीव्र आक्षेप घेतला. अनेक मोड्यूलांमुळे पुनःपुन्हा उमटणाऱ्या इशाऱ्यांनी ग्राहक गोंधळत, असा कंपनीचा खुलासा होता. या ड्रायव्हरची विनामूल्य आवृत्ती सेकंदाला १४.४ किलोबिट वेगापुरती मर्यादित होती. ५६ किलोबिटसाठी परवाना विकत घ्यावा लागे.