मंगलोरी कौलं आणि नगरची छावणी

अक्कलकोटात युद्धाचा विषय निघाला की आपण राजवाड्यातलं शस्त्रागार दाखवतो. आज आपण जरा छपराकडे बघू. मंगलोरी कौलं तुम्हाला ठाऊक आहेत. त्यांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये मंगळुरात काढला तो बासेल मिशनच्या प्लेब्स्ट या जर्मनाने.

मिशनने १८५९ मध्येच वेगळी व्यापारी कंपनी उभारली होती. ती कौलं भाजायची, कापड विणायची. ख्रिस्ती झालेल्या ताडी काढणाऱ्यांचा पिढीजात धंदा सुटला होता, त्यांना या कारखान्यांत काम मिळालं. धर्म आणि धंदा यांची ही सरमिसळ आम्हाला काही फार निर्मळ वाटत नाही, पण पोटाला भाकरी मिळत होती हेही खरं.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं आणि हिंदुस्थानातले जर्मन एका रात्रीत शत्रू ठरले. लढण्याच्या वयाच्या पुरुषांना अहमदनगरच्या छावणीत, काटेरी तारेआड ठेवलं. व्यापारी होते, कारखान्यांतले लोक होते, पाद्रीही होते. पुढे जर्मन पूर्व आफ्रिका इंग्रजांच्या हाती पडत गेली, तसे तिकडचे जर्मनही समुद्र ओलांडून इथेच आणले. म्हणजे आफ्रिकेत वसाहतीचे मालक म्हणून वावरलेला माणूस नगरच्या उन्हात हजेरीला उभा! यांच्यावर खटला नव्हता. जन्म कुठल्या देशात, एवढाच गुन्हा. बायकामुलांना आणि कित्येक मिशनऱ्यांना 'गोलकोंडा' बोटीने मायदेशी धाडलं.

आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा. कंपनीचं मुख्य ठाणं बासेलला, म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये. तो देश युद्धात तटस्थ. पण नोकरांत जर्मन पुष्कळ, तेव्हा सरकारने तिचा इथला कारभार काढून घेतला आणि तो 'कॉमनवेल्थ ट्रस्ट' या इंग्रजी कंपनीकडे गेला. छावणीतली माणसं १९२० पर्यंत जर्मनीला रवाना झाली. तार सुटली, कारखाने मात्र गेले ते गेले. आमच्या मते कैदेपेक्षा हा घाव खोल होता. मजूर तेच राहिले, माती तीच, भट्टीही तीच. मालकाची पाटी तेवढी बदलली.

विनाखटला कोंडण्याची ही रीत नगरला नंतरही चालली. १९४२ मध्ये नेहरू, पटेल, आझाद तिथल्या किल्ल्यात होते. पण तो विषय पुढच्या व्याख्यानाचा.

घरी गेल्यावर जुनं कौल सापडलं तर उलटं करून शिक्का वाचा. कुणावर 'बासेल मिशन' असेल, कुणावर 'कॉमनवेल्थ'.