कुरकुंभच्या गोदामात ड्रम कसा ओळखतात?

पुणे-सोलापूर महामार्गावर पाटसच्या टोलनाक्यातून गाडी जाते, तेव्हा काचेवरच्या फास्टॅगचा नंबर वर लावलेला रीडर वाचतो. टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरने सोडलेल्या रेडिओ लहरींवरच तो क्षणभर जागा होतो. या तंत्राला आरएफआयडी म्हणतात आणि मोठ्या गोदामांतही ते वापरलं जातं. मग याच महामार्गावरच्या कुरकुंभ एमआयडीसीत तयार होणाऱ्या औषधी मालाला साधा क्यूआर कोड का लागतो?

कुरकुंभ ही दौंड तालुक्यातली मुख्यतः रासायनिक कारखान्यांची वसाहत. औषधाचा मूळ घटक, म्हणजे एपीआय, इथे बनतो. या मालाची अडचण अशी की तो बहुतेक वेळा एकसारखाच दिसतो: पांढरी पावडर, आत प्लास्टिकची पिशवी, बाहेर ड्रम. शेजारच्या दोन ड्रममध्ये डोळ्यांना दिसणारा फरक लेबलचाच. चुकीचा ड्रम उत्पादनाला गेला तर पूर्ण बॅच वाया जाते. चूक पकडली गेली नाही तर ती गोळीतून रुग्णाच्या पोटात जाते.

जानेवारी 2022 मध्ये केंद्र सरकारने औषध नियमांत बदल केला. 1 जानेवारी 2023 पासून देशात बनणाऱ्या किंवा आयात होणाऱ्या प्रत्येक एपीआयच्या लेबलवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्यात घटकाचं नाव, उत्पादकाचा पत्ता, बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, परवाना क्रमांक अशी माहिती असते.

गोदामात याचा उपयोग रोजचा आहे. माल आला की त्याला पिवळं लेबल, म्हणजे तपासणी बाकी. मंजूर झाला की हिरवं, नाकारला की लाल. बहुतेक कारखान्यांत रंगांची हीच पद्धत असते. पण रंग माणूस बघतो आणि माणूस थकतो. ड्रम ठेवताना त्याचा आणि रॅकचा, असे दोन्ही कोड स्कॅन केले की जागा नोंदली जाते. ड्रम काढताना मंजुरी नसेल किंवा आधी मुदत संपणारा ड्रम मागेच राहिला असेल, तर सॉफ्टवेअर अडवतं.

आरएफआयडी इथे अडखळतं. धातू लहरी परतवतो, पाणी त्या शोषतं. शिवाय रीडर शेजारच्या ड्रमचाही नंबर उचलू शकतो. जिथे नेमका हाच ड्रम हवा असतो, तिथे एका वेळी एकच वाचणारा कोड बरा. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने 1994 मध्ये क्यूआर कोड आणला, तोही मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायलाच. सर्वात वरच्या दुरुस्ती पातळीवर जवळपास 30 टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो.

मात्र कोड सांगतो ते फक्त कुणीतरी भरलेलं. ड्रमच्या आत काय आहे, हे त्याला ठाऊक नसतं. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्याच एका कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन पकडलं होतं. म्हणून आलेल्या मालाचा नमुना काढून प्रयोगशाळेत ओळख पटवणं स्कॅनरमुळे टळत नाही.

दुसरी पळवाट साधी आहे. घाईत कुणी लेबलची झेरॉक्स टेबलावर चिकटवतो आणि तीच पुन्हा पुन्हा स्कॅन करतो. त्यावर उपाय म्हणजे बॅचला नव्हे, प्रत्येक ड्रमला वेगळा नंबर देणं. एकच नंबर दुसऱ्यांदा आला की सॉफ्टवेअर तो घेत नाही.