मोबाइलचा रकाना

परवा मुलुंडला पाच रस्त्याच्या सिग्नलला रिक्षात बसलो होतो. हँडलच्या मधोमध मोबाइल अडकवलेला, त्यावर रील चालू. सिग्नल सुटला, रिक्षा सुटली, रील काही सुटलं नाही. "दादा, समोर बघा ना," म्हटलं तर उत्तर आलं, "साहेब, मॅप लावलाय." मॅपमध्ये कोणी नाचत नसतं, हे मी बोललो नाही. मला बोलायचा फारसा हक्कही नाही. का, ते खाली सांगतो. आधी थोडा इतिहास, कारण चार दिवस मी तेच वाचत बसलोय.

हलगर्जीपणे गाडी हाकली तर शिक्षा, हा आपला कायदा मोटारीच्याही आधीचा. १८६० ची भारतीय दंड संहिता, कलम २७९. रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर टांगेवाला असणार, आणि त्याने हजार रुपये जन्मात एकत्र पाहिले नसतील. पुढे १९८८ चा मोटार वाहन कायदा आला, कलम १८४, धोकादायक ड्रायव्हिंग. पहिल्या गुन्ह्याला परत तेच, सहा महिने किंवा हजार रुपये. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिचं कलम २८१ उघडून बघा. सहा महिने, हजार रुपये. टांगा गेला, ट्राम गेली, आकडा जागचा हलला नाही.

१९८८ च्या कायद्यात मोबाइल नाही, कारण देशातच मोबाइल नव्हता. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना पहिला कॉल केला. आपल्याकडे मॅक्सटच आणि बीपीएल आले, पण इनकमिंगलाही पैसे पडायचे. फोन वाजला की लोक नंबर बघून कट करायचे आणि पीसीओ शोधायचे. चालवता चालवता गप्पा मारणं परवडणारं नव्हतंच. मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं, त्याच पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपयांत हँडसेट हातात दिला आणि उपनगरांत मान वाकडी करून, खांदा आणि कान यांच्यात फोन दाबून स्कूटर चालवणारी एक नवीनच जमात जन्माला आली. आठवतेय ना?

न्यूयॉर्क राज्याने २००१ मध्ये हातात फोन धरून चालवण्यावर थेट बंदी घातली होती, ब्रिटनने १ डिसेंबर २००३ ला. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम २१ मध्ये, लायसन्स काढून घेण्याच्या कारणांत "मोबाइलचा वापर" ही ओळ घातली गेली. पण मूळ कायद्यात शब्द नाही तो नाहीच. त्यामुळे हवालदार पकडायचा, पावती फाडायचा, आणि कोणी कोर्टात गेला की वाद सुरू. मे २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं की नुसतं चालवताना फोनवर बोलणं त्यांच्या पोलीस कायद्याखाली गुन्हा ठरत नाही, लोकांच्या जिवाला धोका झाला हे दिसलं पाहिजे. निकाल तिकडचा, पण दुखणं सगळ्या देशाचं होतं.

त्याआधी, ऑगस्ट २०१५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने राज्यांना कळवलं होतं की काही गुन्ह्यांना किमान तीन महिने लायसन्स निलंबित करा. त्यात दारू आणि सिग्नल तोडण्याच्या रांगेत मोबाइलही होता. हे किती जणांना माहीत आहे? मला बातमीदार असून नीट माहीत नव्हतं.

२०१९ च्या दुरुस्तीत कलम १८४ मध्ये एकदाचे शब्द आले, हातात धरायच्या संपर्क साधनाचा वापर. दंड एक ते पाच हजार. १ सप्टेंबरला देशात लागू झालं, महाराष्ट्रात नाही. विधानसभा निवडणूक तोंडावर होती, परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी दंड कमी करा म्हणून केंद्राला पत्र लिहिलं आणि अंमलबजावणी थांबवली. ती सुरू झाली थेट डिसेंबर २०२१ मध्ये. दुचाकीला हजार, चारचाकीला दोन हजार, बाकीच्यांना चार हजार. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२० पासून, केंद्राने एक फट ठेवली की रस्ता बघण्यापुरता फोन चालेल, लक्ष विचलित न होता. माझा रिक्षावाला त्याच फटीतून बोलत होता.

आता माझं. २०१७ चा जुलै, सकाळची वेळ, एलबीएस मार्ग, कांजूरच्या अलीकडे. मी बाइकवर, साप्ताहिकाच्या ग्रुपवर मेसेज येत होते, पाणी कुठे भरलंय, फोटो टाक. खाली बघितलं. चाळीसच्या स्पीडने गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते, हे गणित मी नंतर केलं. तीन सेकंद म्हणजे जवळजवळ तीन बेस्ट बस एकामागे एक. वर बघितलं तर समोर शाळेची रिक्षा थांबलेली. आतल्या एका मुलाचा दात ओठात घुसला. सहा-सात वर्षांचा असेल. रडलासुद्धा नाही, नुसता शर्टावरच्या रक्ताकडे बघत राहिला. पंचनामा झाला नाही. रिक्षावाल्याला तीन हजार दिले, डॉक्टरचे दिले, मुलाचे वडील हात जोडून म्हणाले, पोलीस नको, कामावर जायचंय. मांडवली झाली. मी ऑफिसला जाऊन पाणी भरल्याची बातमी लिहिली. तेव्हापासून आज पहिल्यांदा हे लिहितोय.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अपघात अहवालात मोबाइलचा वेगळा रकाना पहिल्यांदा आला तो २०१६ च्या आकड्यांसाठी. ४,९७६ अपघात, २,१३८ मृत्यू. त्या वर्षी रस्त्यावर एकूण मेले १,५०,७८५. म्हणजे मोबाइलचा वाटा दीड टक्काही नाही. हा आकडा दाखवून "एवढं काय त्यात" म्हणणारे मला भेटलेत. पण रकाना भरतो कोण? दारूची वास घेऊन, रक्त काढून तपासणी होते. मेसेज वाचत होतो हे कोण सांगणार? मी सांगितलं नव्हतं. मी त्या रकान्यात नाही, तो मुलगा नाही, तुमच्यातलेही बरेच जण नसतील. १९९७ मध्येच रेडेलमायर आणि टिब्शिरानी या दोघांनी टोरंटोच्या चालकांची फोनबिलं तपासून दाखवलं होतं की बोलताना अपघाताचा धोका चौपट होतो, आणि हँड्सफ्री लावून काही फरक पडत नाही. आपला कायदा मात्र अजून हातातच अडकलाय.

मार्च २०२५ मध्ये दादरहून स्वारगेटला निघालेल्या ई-शिवनेरीचा ड्रायव्हर द्रुतगती मार्गावर मोबाइलवर क्रिकेट बघत होता. प्रवाशाने व्हिडिओ काढून मंत्र्यांना टॅग केला, ड्रायव्हर बडतर्फ, कंत्राटदाराला पाच हजार दंड. बसभर माणसं आणि कंत्राटदाराला पाच हजार! घाटकोपरला रात्री डिलिव्हरीची पोरं बघा, चालत्या गाडीवर पुढची ऑर्डर स्वीकारली नाही तर ती दुसऱ्याला जाते. चलान येतं पोराच्या नावावर, फोन वाजवणाऱ्याच्या नाही. २०१७ ला ग्रुपवर "फोटो टाक" लिहिणाऱ्याचंही नाव कुठे आलं नाही. (तो हे वाचेल. दादा, राग नाही, बघत मीच होतो.)

या आठवड्यात माहिती अधिकाराचे तीन अर्ज टाकतोय, अंधेरी, बोरिवली आणि वडाळा आरटीओला. २०१५ पासून वर्षवार, मोबाइलच्या कारणाने किती लायसन्स तीन महिने निलंबित झाली, एवढा एकच प्रश्न. उत्तर आलं की इथेच टाकेन. तुमच्यापैकी कोणाचं खरंच निलंबित झालं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, नाव छापणार नाही.