खाणावळवालीची पत

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. मी लेखिका नव्हे. परंतु गरिबांच्या वस्तीत स्वस्त व सकस अन्न कसे मिळावे, याची आपल्या बैठकीत चर्चा झाली, तेव्हा मला मुंबईच्या गिरणगावातील खाणावळी आठवल्या. त्यांची हकिकत भगिनींपुढे ठेवते.

१८५६ साली ताडदेवला कावसजी दावर यांची कापडगिरणी सुरू झाली. पुढे लालबाग-परळकडे गिरण्यांची रांगच उभी राहिली. कोकणातून, साताऱ्याकडून पुरुष कामाला आले. बायकापोरे बहुधा गावीच राहिली. एकेका खोलीत कितीतरी माणसे पाळीपाळीने झोपत. त्यांना जेवू कोण घालणार? चाळीतलीच एखादी बाई. कुणी विधवा, कुणाचा नवरा अंथरुणाला खिळलेला, तर कुणी गिरणीतून कपात झालेली. भाकरी, आमटी, उसळ, कधी सुकट, असे ताजे अन्न महिन्याच्या बोलीवर कामगाराला मिळे.

पण त्या बाईचा हिशेब कधी जुळत नसे. कामगार पैसे देई पगार झाल्यावर. पीठ-तेल-डाळ मात्र रोज लागे. उधारी केली की वाणी भाव चढवी, नाहीतर सावकाराचे व्याज वाढत जाई. संपाच्या दिवसांत पगार नसे, तरी जेवणाऱ्याला उपाशी कसे ठेवावे? अशा वेळी अंगावरचा दागिना गहाण पडे.

१९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. परंतु तारण नसलेल्या बाईला त्या दारात कोण उभे करणार? गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या आणि पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी ते मनावर घेतले. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. बायकांनी गट करून एकमेकींना जामीन राहावे, आणि त्या भरवशावर बँकेने कर्ज द्यावे, अशी ती व्यवस्था. सावकाराचा फास सैल झाला.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि खाणावळींचे गिऱ्हाईकही पांगले. तरी त्या मंडळाने स्वयंपाकाचे काम सोडले नाही. जेवणाची कंत्राटे घेऊन बायकांच्या हाताला काम दिले.

हे लिहिताना मला माझीच लाज वाटली. आमच्या गल्लीत एक बाई पोळीभाजीचे डबे देते. तेल महागले म्हणून तिने दर वाढवला, तेव्हा मी तिच्याशी घासाघीस केली. ती तेल कुठून आणते, उधारीने की रोखीने, हे मी विचारले नाही.

भगिनींनो, वस्तीला स्वस्त अन्न हवे असेल, तर रांधणारीला आधी स्वस्त भांडवल हवे. वर्धापनदिनी आपण प्रसाद वाटतोच. यंदा मंडळाच्या शिलकीतून अशा दोघी-तिघींना बिनव्याजी उसने द्यावे, अशी माझी सूचना आहे. पहिली जामीन मी राहीन.