फ्रेंच भाषेतील नित्योपयोगी वाक्ये

फ्रेंच भाषेतील नित्योपयोगी वाक्ये म्हणजे अभिवादन, विनंती, आभार, चौकशी व निरोप यांसाठी दैनंदिन व्यवहारात वापरले जाणारे ठरावीक शब्दप्रयोग होत. मराठीत आदर प्रामुख्याने क्रियापदाच्या रूपातून व्यक्त होतो. फ्रेंचमध्ये त्याबरोबरच अभिवादनाचा व विनंतीचा स्वतंत्र शब्द उच्चारणे आवश्यक मानले जाते.

अभिवादन व निरोप

दिवसा 'बाँझूर' व संध्याकाळपासून 'बाँस्वार' म्हणतात. 'बॉन न्वी' (शुभ रात्री) झोपण्यापूर्वीच वापरतात. जवळच्या व्यक्तींमध्ये भेटताना व निघतानाही 'साल्यू' चालते.

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात भेटीची सुरुवात 'राम राम'ने होते; मात्र दुकानात 'पावशेर साखर द्या' असे थेट म्हटले तरी 'द्या' या रूपामुळे ते उद्धट ठरत नाही. फ्रान्समध्ये अभिवादनाशिवाय केलेली मागणी, वाक्य व्याकरणदृष्ट्या अचूक असले तरी, उर्मटपणाची समजली जाते.

निरोपाच्या 'ओ रव्वार' या शब्दांचा अर्थ 'पुन्हा भेट होईपर्यंत' असा आहे. घरातून निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणण्याच्या मराठी रीतीतही पुनर्भेटीचीच अपेक्षा असते.

तू आणि तुम्ही

'त्यू' म्हणजे तू, तर 'व्हू' म्हणजे तुम्ही. अनोळखी प्रौढांना व वरिष्ठांना 'व्हू' म्हणतात. मात्र आईवडील व आजीआजोबांना साधारणपणे 'त्यू' असेच संबोधतात. वडिलांना 'अहो' म्हणणाऱ्या घरांतील मराठी भाषकांना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

प्रमुख वाक्ये

* सिल् व्हू प्ले – कृपया (शब्दशः 'तुम्हाला आवडत असेल तर'). 'त्यू' संबोधनासाठी 'सिल् त प्ले'
* मेर्सी – आभारी आहे
* पार्दाँ – माफ करा
* कॉमाँ ताले व्हू? – तुम्ही कसे आहात?
* सा व्हा? – कसं चाललंय? (अनौपचारिक)
* झ मापेल... – माझे नाव...
* काँब्यँ सा कूत? – याची किंमत किती?
* ऊ ए ला गार? – रेल्वे स्थानक कोठे आहे?
* झ न काँप्राँ पा – मला समजत नाही

उच्चार

देवनागरीतील वरील उच्चार स्थूलमानाने दिले आहेत. चंद्रबिंदूच्या जागी स्वर नाकातून उच्चारावा. 'आंबा' या शब्दातील अनुस्वाराप्रमाणे तेथे 'म्' उमटू देऊ नये. 'बाँझूर'मधील 'झ' हा 'श'चा घोष उच्चार असून तो मराठीत नाही. 'र' घशातून उच्चारतात. शब्दान्तीची अनेक व्यंजने अनुच्चारित राहतात, परंतु पुढे स्वर आल्यास त्यांतील काही ऐकू येतात. 'कॉमाँ ताले व्हू'मधील 'त' हे त्याचे उदाहरण होय.

अध्ययन

महाराष्ट्रात उच्च माध्यमिक स्तरावर फ्रेंच हा विषय घेता येतो. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागात (रानडे इन्स्टिट्यूट) आणि आलियाँस फ्राँसेझ या संस्थेत फ्रेंचचे अध्यापन होते.